न उघडलेले नकाशे

"ओ मॅडम, पाय आवरा... विहिरीत पडाल."

मी दचकून खाली पाहिलं. नकाशा कार्यालयाच्या फरशीवर चादरीएवढा कापडी नकाशा, आणि त्यावर गुडघे टेकून तो. माझ्यासारखाच उन्हाळ्यापुरता आलेला इंटर्न. जाड चष्म्यामुळे ऑफिसात सगळे त्याला ढापण्या म्हणत, हे नंतर कळलं.

"हा तर रद्द यादीतला," मी म्हणाले.

"माहितीये. यादीखाली कुणा आंधळीची सही आहे."

"माझी."

तो ओशाळला नाही. सरकला, जागा केली. "बस. बघ."

मी बघितलं... आणि बघतच राहिले. विहिरींना पायऱ्या होत्या. एकेका झाडाला केसाएवढी सावली – सगळ्या पश्चिमेला.

"म्हणजे तो माणूस रोज सकाळीच काढायचा," तो हळूच म्हणाला.

असे चाळीस नकाशे मी एकही न उघडता 'फाटके' म्हणून लिहिले होते. सगळे इंटर्न तेच करतात. कॉलेजला प्रमाणपत्र हवं, ऑफिसला रिकामं कपाट. कामाच्या नावानं शंख.

"उद्या गाडी येतेय. सगळ्याचा लगदा," तो म्हणाला. "सही मागे घेतलीस तर प्रमाणपत्र जाईल."

"म्हणजे पुढचा उन्हाळाही इथंच," मी म्हणाले.

"इतकं वाईट नाहीये इथं..." म्हणत त्याने मान खाली घातली.

मी सरळ साहेबांसमोर गेले. तो दारात उभा राहिला.

"न बघता सही केलीस?"

"हो."

"प्रमाणपत्र विसर."

"विसरले. गाडी थांबवा, साहेब."

साहेबांनी यादी माझ्यापुढे सरकवली. "कामाचे चार दिवस देतो. एकूण एक उघड, नवी यादी कर."

शुक्रवारपासून आम्ही जमिनीवर. तो सुक्या फडक्याने धूळ टिपायचा, मी लिहायचे. एका तळ्यात होड्या मोजून काढलेल्या – अकरा. दोघंही वाकलो, डोकी टेकली... कुणीच सरकलं नाही.

बुधवारी, शेवटच्या दिवशी, हजेरीच्या नव्या पानावर सही करताना मी थबकले.

"तुझं नावच नाहीये इथं."

"माझी इंटर्नशिप शुक्रवारीच संपली."

"मग रोज कशाला येतोस?"

"नकाशे—"

"खरं सांग."

त्याने चष्मा काढला. कान लाल झाले होते. "नकाशे शुक्रवारपर्यंत. नंतर... तू."

चाळिसावी गुंडाळी तेवढी बांधलेली होती. मी ती उचलली आणि कपाटात ठेवून दिली.

"उद्या उघडू," मी म्हणाले. "साहेबांचं मी बघते."