मुजावर सर पेपरला बसतात

पोरांनो, आधी हे कोडं सोडवा. एक मुलगी आहे. तिला एकोणतीसचा पाढा उलटा येतो, गुरूचे चंद्र ती नावानिशी सांगते, आणि तिचं पाठांतर सुरू झालं की घाटातल्या म्हशी रस्ता सोडून ऐकत उभ्या राहतात. हीच मुलगी पेपर हातात आला की स्वतःचं आडनाव विसरते. मग सांगा, आडनाव जातं कुठे?

गोष्ट दोन हजार एकसष्ट सालची, गगनबावड्याची. तिथले ढग तेव्हा इतके माजले होते की बारा महिने वर्गात येऊन शेवटच्या बाकावर बसायचे. मुजावर सर त्यांचीही हजेरी घ्यायचे. खोटं वाटत असेल तर हजेरीपट बघा, अजून ओला आहे.

मुजावर सर आठवीला गणित आणि विज्ञान शिकवायचे. माणूस सोन्यासारखा, पण परीक्षा जवळ आली की त्यांच्या अंगात यायचं. रोज परिपाठाला प्रतिज्ञा झाली की ते अख्ख्या शाळेकडून एका सुरात म्हणवून घ्यायचे, "परीक्षेला उरले दिवस बारा!" दुसऱ्या दिवशी अकरा. पोरांनी अभ्यासाला लागावं म्हणून हो, मनात दुसरं काही नाही.

परीक्षेत मुलांवर लक्ष ठेवायला शाळेनं एक यंत्रमानव आणला होता. कागदावर त्याचं नाव सतरा अक्षरी होतं. पोरांनी त्याचं डोकं बघून त्याला टमरेल म्हटलं, आणि तो बिचारा त्यालाच ओ द्यायला लागला. त्याच्या डोळ्यांत संवेदक (हात न लावता माप घेणारी उपकरणं) होते. लांबूनच तो प्रत्येकाच्या हृदयाचे ठोके मोजायचा. कुणी घाबरलं तर धीर द्यायचा, एवढं त्याला शिकवलं होतं. कसा द्यायचा, ते शिकवायचं राहून गेलं होतं.

सराव परीक्षेला तो एकदम गरजला, "बाक क्रमांक सात! शाल्मली पडवळ! ठोके एकशे बत्तीस! कृपया घाबरू नये!"

सगळा वर्ग वळून बघायला लागला. कोड्यातली मुलगी ती हीच. तिचं पेन थांबलं ते थांबलंच. तास संपल्यावर तिनं कोरा पेपर सरांच्या हातात दिला. "सर, मी वार्षिकला बसणार नाही."

"वेडी का काय? तुला सगळं येतं. घाबरायचं कशाला? हे वर्ष हातचं गेलं तर पुढचं सगळं..."

"एकशे चाळीस," टमरेल पुटपुटला.

शाल्मलीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण जीभ शाबूत होती. "तुम्हाला काय कळणार, सर? तुम्ही शेवटचा पेपर कधी दिलात?"

"झाली असतील अठ्ठावीस वर्षं."

"मग उद्या एक द्या. पेपर मी काढते."

"देतो," सर म्हणाले. "मला जमला तर तू वार्षिकला बसायचं. कबूल?"

"आणि नाही जमला तर?"

यावर सर नुसते हसले. त्यांना काय, गणित म्हणजे घरचं शेत!

दुसऱ्या दिवशी परिपाठाला पोरांनीच सूर लावला, "सरांच्या पेपरला उरला तास एक!" चारशे पोरं ओरडली. सरांनी उगीचच दोनदा चष्मा पुसला. मग ते सात नंबरच्या बाकावर बसले. गुडघे काही आत मावेनात.

"सर, नापास झालात तर आमच्याबरोबर आठवीतच राहायचं हं!" विहंग मागून म्हणाला. हा वर्गातला अधिकृत टवाळ.

पेपरात पाचच गणितं होती. पहिलं, सतरा गुणिले अठरा. असली गणितं सर शिंकता शिंकता सोडवायचे. त्यांनी पेन उचललं, आणि...

"बाक क्रमांक सात! मुजावर सर! ठोके एकशे अठ्ठावीस! कृपया घाबरू नये!"

पोरं खिदळली. सरांनी सतरा बघितले, अठरा बघितले. पुन्हा सतरा बघितले. डोकं कसं, धुतलेल्या पाटीसारखं! कपाळावरून घाम ओघळून कागदावर पडला.

"शाल्मली," ते हळूच म्हणाले, "अगं, काही आठवतच नाहीये."

आता कुणी हसलं नाही. शाल्मली जवळ आली. हा चेहरा तिच्या ओळखीचा होता. "सर, पेन खाली ठेवा. श्वास हळूहळू बाहेर सोडा. घ्यायची घाई नको, सोडा नुसता. अजून एकदा. पहिलं गणित राहू दे. तिसरं सोपं आहे, ते आधी करा."

हे तिला कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही. आदल्या दिवशी आपल्याला कुणी असं म्हणायला हवं होतं, तेच ती म्हणाली.

सरांनी तिसरं केलं, मग पाचवं. मग पहिल्याकडे आले तर तीनशे सहा हे उत्तर आपणहून समोर येऊन उभं! चार गणितं सुटली, एक राहिलं.

"टमरेल," घाम पुसत सर म्हणाले, "माझ्या डोक्यात काय झालं, ते दाखव बघू."

टमरेलनं भिंतीवर मेंदूचं चित्र पाडलं. तो रोज दुपारी खिचडी शिजते त्या खोलीत चार्ज व्हायचा, त्यामुळे त्याचे दाखले सगळे तिथलेच.

"हा अमिग्डला (मेंदूतला बदामाएवढा भाग). धोका वाटला की हा बोंब मारतो. समोर बिबट्या आहे की प्रश्नपत्रिका, ते बघत बसत नाही. मग रक्तात अ‍ॅड्रेनलिन (अंगाला पळायला तयार करणारं रसायन) उतरतं. छाती धडधडते, हात ओले होतात."

"आणि माझा गुणाकार कुठे गेला?"

"गेला नाही, फळीवरच्या डब्यातच होता. पण डबा काढून ठेवायला ओटा नको? कामाची स्मृती (आत्ता लागणाऱ्या गोष्टी समोर धरून ठेवायची जागा) म्हणजे तो ओटा. असतो एवढासाच. त्यावर काळजीनं गाठोडं पसरलं की डब्याला जागाच उरत नाही."

"आणि श्वास सोडला की?" विहंगनं विचारलं.

"लांब श्वास सोडला की शरीराला वाटतं, बिबट्या गेला. ठोके उतरतात."

"आणि रोज परिपाठाला तुमच्या ओट्यावर गाठोडी आणून टाकत होतो मी," सर म्हणाले. "चुकलंच माझं."

"तुम्हाला पूर्ण जमला नाही, सर," शाल्मली म्हणाली.

"नाही जमला. म्हणून बसच असं मी म्हणणार नाही. दहा दिवस आहेत, माझ्याबरोबर तयारी तर करशील?"

ती मान हलवून हो म्हणाली.

त्या दिवसापासून दिवस मोजणं बंद झालं. एक दिवसाआड त्याच खोलीत, त्याच बाकांवर छोटा पेपर व्हायचा, गुण नाहीत. तीच जागा पुन्हा पुन्हा बघितली की अमिग्डलाला तिची सवय होते. आधी पाच मिनिटं प्रत्येकानं आपली काळजी कागदावर लिहायची आणि कागद फाडून टाकायचा, कुणी वाचायचा नाही. गाठोडं कागदावर उतरलं की ओटा मोकळा! टमरेलनं आकडे ओरडायचे नाहीत, हाक मारेल त्याला पाणी नेऊन द्यायचं.

"धडधड पूर्ण थांबायलाच हवी असं नाही," सर सांगायचे. "थोडी असली तर समजायचं, अंग तयारीला लागलंय. पण कुणाची झोप उडाली, जेवण सुटलं, तर लपवायचं नाही. मला सांगायचं. आपण मिळून समुपदेशकांकडे (मनाची अडचण ऐकून वाट दाखवणाऱ्या तज्ज्ञांकडे) जाऊ."

वार्षिकचा पहिला पेपर गणिताचा. शाल्मली आली आणि दारातच थांबली. पोरं तिला ओलांडून आत गेली. सरांनी तिला ओढलं नाही, 'चल' म्हटलं नाही. "मी इथंच आहे," एवढंच म्हणाले, आणि तिच्या शेजारी उभे राहिले. घंटेला दोन मिनिटं उरली. शाल्मलीनं एक लांब श्वास सोडला आणि ती आत गेली.

तीन तासांनी ती बाहेर आली तेव्हा सर फाटकापाशी होते. पेपर कसा गेला, असं त्यांनी विचारलं नाही. "भजी खाणार?" म्हणाले.

"एक गणित राहिलं, सर."

"बरं."

"बरं काय? ओरडा तरी!"

"कशाला? बाकीची केलीस ना?"

"केली," ती म्हणाली, आणि एकदम थांबली. तिनं चपलेच्या टोकानं मातीत दोन रेषा ओढल्या, मध्ये एक आकडा घातला, एक खोडला. "अहो सर, हे असं होतं ते! सुटलं बघा."

सर वाकून बघेपर्यंत ती चार पावलं पुढे गेली होती. "चला लवकर," ती म्हणाली, "उद्या विज्ञान आहे."