मऊ पडलेला ब्रेक

"तळ्यावर पोचलो की आधी तंबू, मग पोहणं," कप्तान म्हणाला. अंगणात चटई टाकून तो उद्याच्या सहलीचं सामान मांडत होता. तो बिट्टीचा मामेभाऊ. सगळे बेत तोच आखायचा, म्हणून त्याला कप्तान म्हणत.

"आधी खाणं," बिट्टीचा धाकटा भाऊ गोटू म्हणाला.

"तू तर घरूनच खाऊन निघशील. बिट्टी, तुझं काय?"

बिट्टीचं लक्ष फाटकाकडे होतं. मामा नुकताच बाजारातून गाडी घेऊन टेकडीवर परतला होता आणि मामीला सांगत होता, "आजही खालच्या वळणावर ब्रेक मऊ लागला. स्पंजवर पाय ठेवावा तसं पेडल आत गेलं. दोनतीनदा दाबलं तेव्हा कुठे गाडी थांबली."

"मग गॅरेजात दाखव की."

"सहलीहून आल्यावर दाखवतो. वर घरी आलं की ठणठणीत असतो."

मामा आत गेला. कप्तानचे कान टवकारले होते.

"उतार उतरला की मऊ, घरी आला की ठणठणीत," तो म्हणाला. "यात काहीतरी गोम आहे. बहुतेक कुणीतरी गाडीत काहीतरी केलंय."

"मांजरानं," गोटू म्हणाला.

"मांजर बॉनेट उघडतं का रे?"

गोटू विचारात पडला.

बॉनेट कुणी उघडलं होतं ते बिट्टीला चांगलंच ठाऊक होतं. सुट्टीच्या सुरुवातीला तिनं मामाबरोबर गाडी धुतली होती. मामानं बॉनेट उघडून दिलं, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "काच धुवायचं पाणी भरून टाक गं. जिथं कमी दिसेल तिथं ओत," असं म्हणून हातानं दाखवत तो लांब गेला. मोठ्या टाकीत कमी होतं, तिनं भरलं. शेजारच्या छोट्या टाकीतही कमी होतं, तीही भरली. झाकण लावताना त्यावरची बारीक अक्षरं तिनं वाचली. 'फक्त ब्रेक ऑइल.' ती मामाला हाक मारणार, तेवढ्यात तोच आला आणि म्हणाला, "शाब्बास, फार कामाची पोर आहेस तू." त्या शाब्बासकीपुढे तिच्या तोंडून शब्दच फुटला नाही. थोडंसंच तर पाणी आहे, काय होणार आहे, अशी तिनं मनाची समजूत घातली.

कप्तान एव्हाना गाडीत जाऊन बसला होता. त्यानं पेडल दाबून पाहिलं. "आत्ता कडक आहे. हा बेडूक कुणी चिकटवला इथे?"

स्टिअरिंगमागच्या काट्यांपाशी हसऱ्या बेडकाचं स्टिकर होतं. गोटूनं नखानं ते उचकटलं. खाली एक छोटा दिवा होता. मामा पिशव्या न्यायला बाहेर आला, तेव्हा कप्ताननं विचारलं, "बाबा, हा दिवा का झाकलाय?"

"सारखा पेटून राहायचा, वैताग नुसता. स्टिकरच्या कडेनंही उजेड यायचा, पण आता आपोआप विझलाय."

"कधीपासून?"

"बिट्टीनं आणि मी गाडी धुतली त्या दिवसापासून असेल. का रे?"

कप्ताननं बिट्टीकडे पाहिलं. बिट्टी मान खाली घालून घरात निघून गेली.

दुपारी मामीला तिच्या तान्ह्या बाळाला घेऊन खालच्या दवाखान्यात जायचं होतं. तिनं बाळाला मागच्या सीटवर नीट बसवलं, पट्टा लावला आणि किल्ली घ्यायला वळली. खुंटीवर किल्ली नव्हती.

"किल्ली कुणी घेतली?"

"मी," कप्तान म्हणाला. "पण देणार नाही."

"हा काय आचरटपणा?" मामा चिडला. "दे इकडे."

"नाही. ब्रेक बिघडलाय."

"मला शिकवतोस? उद्याची सहल रद्द करू का? सांग, का लपवलीस?"

कप्ताननं किल्ली मुठीत आणखी घट्ट धरली. खिडकीतून पाहणाऱ्या बिट्टीला कळलं, त्याला सगळं समजलंय. तिचं नाव घ्यायला नको म्हणून तो बोलणी खातोय. मागच्या सीटवर बाळ स्वतःच्या पायाचा अंगठा चोखत बसलं होतं.

बिट्टी धावत बाहेर आली. "त्याला ओरडू नकोस, मामा. ब्रेकच्या टाकीत मी पाणी ओतलंय. मला त्याच दिवशी कळलं होतं आणि मी सांगितलं नाही."

मामीनं आधी बाळाला गाडीतून उचलून घेतलं.

मामानं फोन केल्यावर गॅरेजवाल्या मावशी स्कूटरवर हत्यारं बांधून वर आल्या. त्यांनी टाकीतलं तेल पाहिलं, मग एक चाक काढलं.

"उतारावर सारखा ब्रेक दाबला की तो तापतो," त्या मुलांना म्हणाल्या. "तेलातलं पाणी उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलं जात नाही, बुडबुडे दाबले जातात. म्हणून मऊ लागतं. गार झालं की पुन्हा कडक." मग त्या मामाकडे वळल्या. "पण टाकीत तेल कमी का झालं होतं, ते सांगा. चाक आवळून धरणारे हे ब्रेक पॅड बघा, पार झिजलेत, म्हणून तेल खाली गेलं. दिवा तेच सांगत होता. त्यात पाणी पडलं, पातळी वर आली आणि तो बिचारा गप्प झाला."

"मी त्याच्यावर बेडूक चिकटवला होता," मामा हळूच म्हणाला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

मावशींनी नवे पॅड बसवले, आतली रबरं तपासली. "आता जुनं तेल आणि हवा काढायची. पेडलवर कोण बसणार?"

"मी बसते," बिट्टी म्हणाली.

चाकामागच्या स्क्रूला मावशींनी पारदर्शक नळी लावली. कप्ताननं बाटली धरली. गोटूला टाकीवर नजर ठेवायला बसवलं, नवं तेल कमी होऊ द्यायचं नव्हतं.

"दाब. धरून ठेव." मावशींनी स्क्रू सैल केला, पेडल खाली गेलं, मग त्यांनी स्क्रू पुन्हा आवळला. "आता सोड."

नळीतून गढूळ तेल आणि बुडबुडे आले. एकेक करून चारही चाकं झाली. बिट्टीच्या पोटरीला पेटके आले, तरी ती उठली नाही. शेवटी नळीतून स्वच्छ तेल येऊ लागलं आणि तिच्या पायाखाली पेडल घट्ट झालं.

मामा एकटाच गाडी घेऊन उतारावरून जाऊन आला. तो येईपर्यंत बिट्टी कुंपण धरून उभी होती.

"वळणावर दाबला तिथंच थांबली," मामा उतरत म्हणाला. त्यानं कप्तानच्या पाठीवर थाप मारली. "तू किल्ली दिली नाहीस म्हणून बरं. मी उगाच ओरडलो." मग तो बिट्टीजवळ आला. "आणि चूक निम्मी माझी. जिथं कमी दिसेल तिथं ओत, असं कुणी सांगतं का?"

"पण मला कळल्यावरही मी गप्प बसले," बिट्टी म्हणाली. "बाळ गाडीत बसेपर्यंत."

मामीनं तिला जवळ ओढलं. "हो, गप्प बसलीस. ते मी नाही म्हणणार नाही. पण शेवटी सगळ्यांसमोर बोललीस, ते सोपं नव्हतं. शहाणी माझी."

ही शाब्बासकी ऐकताना बिट्टीला रडू फुटलं. रडून झाल्यावर तिनं बाळाला कडेवर घेतलं आणि संध्याकाळभर खाली ठेवलं नाही.