जरा आत सरका

बसा, पोरांनो, पण तो भिंतीकडचा बाक तेवढा ओढू नका. दुसरे रिकामे आहेत की. का ते सांगतो, पण हळू सांगतो, फूशंग मागे भांडी घासतोय. आणि नंतर गल्लीतून जाताना माझा हात धरलात तर मी हसणार.

ही नूडल्सची टपरी चालवणारा याओ फूशंग माझा शेजारी. गेल्या डिसेंबरातली एकवीस तारीख, वर्षातली सगळ्यात लांब रात्र. त्या दिवशी आपण शांघायवाले पितरांना जेवू घालतो आणि दिवेलागणीला घर गाठतो. फूशंग दुपारी सायकल काढून मंडईत गेला, जीत्साय आणायला. त्याच्या आईला वॉन्टनमध्ये तीच रानभाजी लागायची, दुसरं सारण असलं की चिमणीसारखी खायची. भाजीवालीनं जुडी देताना विचारलं, आईसाठी ना? तो नुसता हं म्हणाला.

आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं. ती गेली ती जानेवारीतली दुपार होती, थंडी हाडात शिरत होती आणि गिऱ्हाइकांची रांग रस्त्यापर्यंत. इथं कोण कुणाशेजारी बसतो हे कुणी विचारत नाही. जागा दिसली की टेकायचं, आणि फूशंगचा दिवसभर एकच जप, "जरा आत सरका." म्हातारी वाडगा घेऊन नुकतीच ह्याच बाकावर बसली होती. फूशंग म्हणाला, "आई, गिऱ्हाईक उभं आहे. तू काय, घरचीच." ती वाडगा उचलून मागल्या दारी गेली आणि नळाजवळ बादली पालथी घालून त्यावर बसली.

गर्दी ओसरल्यावर हा बघायला गेला, तोवर ती गेली होती. वाडगा मांडीवर, तसाच भरलेला. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, कुठंही बसली असती तरी पडलंच असतं. फूशंगला ते कधी पटलं नाही. माझ्याकडे दाढी करायला बसला की डोळे मिटून म्हणायचा, "ताओदादा, मी तिला भरल्या ताटावरून उठवली." मी वस्तरा थांबवायचो. दुसरं काय करणार?

म्हणून डिसेंबरातल्या त्या लांब रात्री त्यानं पितरांचं पान घरी मांडलं नाही, इथं मांडलं. बाकीचे बाक टेबलांवर उपडे टाकले, हा एकच खाली ठेवला. शटर अर्धं वर, तिला यायला वाट हवी ना. गरम वॉन्टनचा वाडगा, शेजारी व्हिनेगरची वाटी, समोर उदबत्ती. तुम्हाला मोबाइलवर मागवून आयतं खायची सवय, तुम्हाला हे कोण सांगणार? उदबत्ती संपेपर्यंत बाकाला धक्का लावायचा नसतो, पितर उठून जातात. ती संपली की अन्न चाखून बघायचं. ते जेवले असतील तर चव उडते, मीठ घालायलाच विसरलो असं वाटतं. मग घरातल्यांचा जीव भांड्यात पडतो.

फूशंग शेगडीकडे तोंड करून उभा राहिला. त्याला बाकाकडे बघायचा धीर होईना. बाहेर गल्ली चिडीचूप.

बाक करकरला.

जरासाच. कुणी हलक्या अंगाचं टेकल्यावर करकरतो तसा.

फूशंग रडायला लागला. आवाज न करता.

तेवढ्यात शटरखालून वाकून एक टॅक्सीवाला आत आला. परगावचा माणूस, दिवसभराचा उपाशी. शटर वर दिसलं, दिवा दिसला, त्याला वाटलं टपरी उघडी आहे. "नूडल्स मिळतील का हो, मालक?"

आणि पोरांनो... वीस वर्षांची सवय. फूशंग वळला, गिऱ्हाईक उभं दिसलं, हात आपोआप बाकाला गेला आणि तोंडातून निघून गेलं, "जरा आत सरका."

त्यानं बाक ओढला.

बाक जड होता.

मग... हलका झाला.

फूशंगचा हात तिथंच राहिला. टॅक्सीवाला बाकाकडे बघत नव्हता. त्याची नजर हळूहळू सरकत मागल्या दाराकडे गेली. जाणाऱ्या माणसामागे जाते तशी.

"आजींना कशाला उठवलंत?" तो म्हणाला. "मी उभ्यानं खाल्लं असतं."

फूशंगनं टेबलाकडे पाहिलं.

टेबलावर व्हिनेगरची वाटी होती. उदबत्ती अजून जळत होती. वाडगा नव्हता.

मागल्या दाराला आतून कडी होती. ती त्यानं काढली. अंधार. नळ ठिबकत होता... नळाजवळ पालथी बादली. बादलीवर वाडगा.

वाफ निघत होती.

तो तिथंच फरशीवर बसला. एक वॉन्टन उचलला. आळणी लागू दे, आई, आळणी लागू दे, असं पुटपुटत त्यानं तो तोंडात घातला. हे त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी मला स्वतः सांगितलं, दाढीला बसला होता तेव्हा.

मीठ होतं. भाजीचा वास होता. सगळी चव जिथल्या तिथं होती.