न तपासलेलं वेळापत्रक

सायकलींच्या शेडमध्ये, ओल्या रेनकोटांच्या आड, मांडीवर लॅपटॉप घेऊन मी लपून बसले होते... आणि त्रोल्सला नेमकं तेव्हाच तिथे टपकायचं होतं!

"सोल्वाय? साडेबारा वाजलेत. तुला बारालाच घरी जायचं असतं ना?"

"तू मला पाहिलंच नाहीस."

"पाहिलं की... चांगलं डोळे भरून पाहिलं."

मी लाजले, आणि लाजल्याचा मला रागही आला. कामाच्या ताणामुळे चार महिने मी रजेवर होते. आता डॉक्टरांनी रोज तीनच तास काम लिहून दिलं होतं. ठीक बाराला आमची साहेबीण बोडिल स्वतः येऊन माझ्या टेबलावरचा दिवा बंद करायची. पुन्हा त्रास झाला तर हिवाळ्यापर्यंत घरीच बसायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि मी काय करत होते? बेटांवर जाणाऱ्या बोटींच्या वेळा तिसऱ्यांदा तपासत होते. माझा मेला स्वभावच तसा!

त्रोल्स शेजारी टेकला. आमचं ऑफिस एकच, बोटींची वेळापत्रकं बनवायचं कामही तेवढंच, पण हा गडी कायम शीळ घालत असायचा.

"तुला कसलाच ताण कसा येत नाही रे?"

"मी चुका समुद्रात सोडून देतो."

"समुद्रात नाही, माझ्या टेबलावर सोडतोस!" मी बोलून गेले. "दोन वर्षं तुझी वेळापत्रकं मी गुपचूप दुरुस्त केलीत. तू निवांत होतास, कारण मी धास्तावलेली होते."

त्याने मान खाली घातली. पत्र्यावर पाऊस तेवढा वाजत होता. मला वाटलं — संपलं, आता हा उठून जाणार.

"कळलं ते मला," तो हळूच म्हणाला. "तू गेलीस आणि तिसऱ्याच आठवड्यात मी रविवारच्या पानावर सोमवारच्या वेळा छापल्या. अख्खं वऱ्हाड केकसकट धक्क्यावर अडकलं! नवरी माझ्यासमोर रडली गं. तेव्हापासून मी सगळं दोनदा तपासतो. आणि... तुझ्या टेबलाकडे बघत बसतो."

"टेबलाकडे?"

"टेबलवालीची वाट बघत."

माझ्या गालांवर ऊन पडल्यासारखं वाटलं, भर पावसात.

"उद्या उन्हाळ्याचं वेळापत्रक छपाईला जातंय," तो म्हणाला. "मी केलंय. तू उघडू नकोस. बाराला सरळ घरी जा. जमेल?"

दुसऱ्या दिवशी ती फाईल सकाळभर माझ्यासमोर होती. बोटं नुसती शिवशिवत होती. बाराला बोडिलने दिवा बंद केला, आणि मी फाईल न उघडताच उठले. जिना उतरताना दोनदा थबकले, पण पाय मागे वळले नाहीत.

घरच्या वाटेवरच्या धक्क्यावर पोचते तोच त्रोल्स धावत आला. "तपासलंस?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

त्याचं तोंड एवढंसं झालं. "मग थांब, मी चटकन आणखी एकदा—"

मी त्याची बाही धरली. "राहू दे. चुकलंच, तर लोकांच्या शिव्या दोघं मिळून खाऊ."

"दोघं?"

"दोघं. मला तू आवडतोस, त्रोल्स."

मी त्याचा हात हातात घेतला. त्याची नजर अजून ऑफिसच्या खिडकीकडे वळत होती... माझी मात्र नाही.