आधी पाडस, मग आई

बसा असे शेगडीजवळ. बूट राहू द्या तिथेच, वाळतील. आज हरिणीमागे पाडस दिसलं आणि तुमचा हात आखडला म्हणालात ना? माझ्या नवऱ्याचाही आखडायचा. ऐका मग.

शिकारी आहात, तुम्हाला आमच्या डोंगरातला नियम काय सांगायचा! आधी पाडस, मग आई. हिवाळ्याच्या तोंडावर आई मारून लहानगं मागे ठेवलं, की कळप त्याला हुसकावतो. ते उपाशी मरतं, आणि सावकाश मरतं. म्हणून छातीवर दगड ठेवायचा आणि पहिला नेम लहानावर धरायचा. पण माझ्या नवऱ्यानं, किलियाननं, जन्मभरात पाडसावर गोळी घातली नाही. आई तेवढी मारून आणायचा. सगळं खोरं त्याला देवमाणूस म्हणायचं. जळलं मेलं ते देवपण! मी म्हणायचे, "अरे, दया कोणावर करतोस, त्याच्यावर की स्वतःवर?" तर म्हणायचा, "बुर्गी, तुला काळीजच नाही." मग आम्ही दोन दोन दिवस बोलत नसू. मूलबाळ नाही, शेजार नाही. अबोला धरला की घर खायला उठायचं.

त्याच्या शेवटच्या हिवाळ्यात तो छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळला. एका संध्याकाळी मी खालच्या गोठ्यातून दूध घेऊन वर येत होते. बर्फ पडायचा थांबला होता, वारा नव्हता, ओल्या लाकडाचा धूर जमिनीलगत साचला होता. तेवढ्यात आमच्या सफरचंदाच्या झाडाकडून आवाज आला. पी... पी... बारीक, कोवळा. पाडस आईला हाक मारतं ना, तसा.

आत आले तर किलियान उशीला टेकून बसलेला.

"ऐकलंस?"

"पाडस आहे कुठलं तरी. भुकेलं असेल. तू पड बरं."

"रोज येतं गं... तू दुधाला गेलीस की येतं."

मग त्यानं सांगितलं. आजारी पडायच्या आधी त्यानं शेवटची हरिणी मारली होती. रीतीप्रमाणे तिच्या तोंडात फरच्या झाडाची डहाळी ठेवली, शेवटचा घास म्हणून, आणि टोपी काढून उभा राहिला. इतक्यात झाडीतून तिचं पाडस आलं. आईला हुंगलं. आणि तिच्या तोंडातली ती डहाळी ओढून खायला लागलं.

"बंदूक भरलेली होती, बुर्गी... मी पाठ फिरवली. आता तू सोडव त्याला. ही हाक ऐकत ऐकत मला मरायचं नाही गं..."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं माझ्याजवळ काही मागितलं होतं. माझं काळीज गलबललं. मी दुधाचं भांडं खाली ठेवलं, बंदूक घेतली आणि बाहेर पडले.

उजेड अजून होता. ते झाडाखाली उभं होतं. पाठीचा कणा वर आलेला, पाय काड्यांसारखे. माझ्याकडे बघतच नव्हतं, खिडकीकडे बघत होतं. मी मनातल्या मनात म्हटलं, बाळा, आता त्रास नाही हं, आणि गोळी घातली. ते मटकन खाली बसलं.

जवळ गेले तर तिथे काही नाही. रक्ताचा थेंब नाही, केस नाही. नुसत्या इवल्या खुरांच्या खुणा, झाडापासून घराकडे गेलेल्या. मी त्यांच्या मागोमाग चालले. खिडकीखाली, भिंतीशी त्या संपल्या. परतीच्या नव्हत्या.

आणि हाक आली. पी... या वेळी घरातून.

कशी धावले, मला ठाऊक नाही. दार ढकललं तसा आवाज थांबला. किलियान कुशीवर वळलेला, एक हात माझ्या जागेवर पसरलेला. "किलियान?... अरे, संपलं बघ... मारलं मी त्याला..." हात धरला तर गार पडलेला. लोक म्हणाले, चेहरा किती शांत! मला नाही तसा वाटला. काहीतरी ऐकत असल्यासारखा वाटला.

त्या हाताखाली, माझ्या बाजूला, गादीत एक खळगी पडली होती. लहान, गोल. पाडस बर्फात अंग मुडपून निजतं आणि उठून गेल्यावर उरते, तशी. तिच्यावर हात ठेवला, तर कोमट.

चादरी बदलल्या, गादी जाळून नवी भरली. दिवेलागण झाली की तेवढी जागा अजूनही कोमट होते. म्हणून मी इथे शेगडीपाशी अंथरूण घालते. पण खोटं कशाला बोलू? एखाद्या संध्याकाळी फार एकटं वाटलं, की मीच आत जाते आणि तिथे हात ठेवून बसते. या घरात दुसरं ऊबदार आहे काय?

यंदा मात्र जायला भीती वाटते. पहिल्या हिवाळ्यात ती जागा माझ्या दोन तळहातांत मावायची. आता मावत नाही हो. ते वाढतंय.