रोहिणीसाठी गिटार

“ओ दादा, गाडी पुढं घ्या की! दुकानाचं दार दिसंना झालंय.”

संजीवनी हे बोलून गेली, आणि पुढे महिनाभर तिला त्यातल्या ‘दादा’ या एकाच शब्दाचा पश्चात्ताप होत राहिला.

पिकअपमधून उतरलेला तरुण उंच होता, उन्हानं रापलेला. मागे डाळिंबाचे रिकामे क्रेट. डावा हात पँटच्या खिशात घालून त्यानं दुकानाची पाटी वाचली, मग काचेतल्या गिटारी पाहिल्या, आणि मग तिच्याकडे पाहिलं… जरा जास्तच वेळ.

“गिटारी विकता व्हय तुमी?”

“नाही. मुरमुरे विकतो. गिटारी नुसत्या शोभेला.”

तो हसला. गालाला खळी पडली. बारामतीच्या त्या भाजून काढणाऱ्या मे महिन्यात संजीवनीला उगाच माठातलं पाणी प्यावंसं वाटलं.

अविराज त्याचं नाव. निमगाव केतकीचा, डाळिंबाची बाग. त्याला गिटार हवी होती — लहान आणि दणकट.

“पिकपमधनं हिंडंल, गोठ्याशेजारी राहील. उन्हानं तडकाय न्हाय पायजे, पावसाळ्यात फुगाय न्हाय पायजे. आन…” तो अडखळला. “हात जरा लहान हाय. बोटं पुरत न्हाईत.”

संजीवनीच्या आत काहीतरी टचकन मोडलं. लहान हात! म्हणजे आहे तर कुणीतरी.

“नाव काय त्यांचं?” तिनं विचारलं. गिऱ्हाइकाला एवढंच विचारतात, असा चेहरा करून.

त्याचे कान लाल झाले. “नाव… रोहिणी.”

झालं! त्या दिवसापासून संजीवनीच्या डोक्यात रोहिणी राहायला आली. गोरी, नाजूक, चाफेकळीसारख्या बोटांची. बहुतेक बी.एड. झालेली. सकाळी उठून तुळशीला पाणी घालणारी आणि कधीच कुणावर न ओरडणारी. संजीवनीला ती अजिबात आवडली नाही.

पण गिऱ्हाईक म्हणजे गिऱ्हाईक. तिनं एक छोटी, फिक्या मधाच्या रंगाची गिटार खाली काढली. “हिची पुढची फळी भट्टीत भाजलेली आहे. लाकडातला ओलावा आधीच काढून टाकलेला, म्हणून हवा बदलली तरी ती पटकन फुगत नाही, आकसत नाही. आणि नवी असून जुन्यासारखी बोलते. बाजू थराथरांच्या लाकडाच्या, धक्का सोसणाऱ्या. तरी बंद गाडीत उन्हात सोडायची नाही हं, डिंक सुटतो.”

तो नवलानं फळीवरून बोट फिरवत राहिला. “म्हंजे आमच्या बागेवानीच की. आमी डाळिंबाला ताण देतो. महिना-दीड महिना पाणी बंद. पानं गळत्यात, लोक म्हणत्यात गेली बाग. मग पाणी सोडलं की फुटती बघा, समदी फुलंच फुलं! आत्ता बी ताणावरच हाय. म्हणून तर मी मोकळा हाय.”

मोकळा! रोहिणीला हे सांगितलंय का?

तो परत आला. मग परत. दर खेपेला तिला वाजवायला लावायचा आणि तिच्या डाव्या हाताच्या बोटांकडे असा टक लावून बघायचा, की तिचे सूर चुकायचे. स्वतः मात्र उजव्या अंगठ्यानं एखादी तार छेडून गप्प. एकदा तिच्यासाठी उसाचा रस घेऊन आला. एकदा नुसताच, “हितनं चाललो होतो…” म्हणत. निमगावहून बारामतीला माणूस ‘हितनं’ कसा जाईल?

दुरुस्तीला आलेल्या पेटीच्या भात्यातून डोकं वर काढत तिचे वडील सोपानराव म्हणाले, “पोरी, सून निवडायला सुद्धा माणसं एवढ्या खेपा घालत नाहीत.”

“त्यांची निवडून झालीय, आबा. आता तिच्यासाठी गिटार निवडतायत.”

चौथ्या खेपेला तो म्हणाला, “तुमीच सांगा मॅडम. तुमी म्हणाल ती. तुमच्यावर सोडलं.”

बाहेर ऊन रणरणत होतं. संजीवनीला दिसलं — डाळिंबाच्या झाडाखाली ती छोटी मधाळ गिटार घेऊन बसलेली रोहिणी, आणि तिच्या बोटांकडे टक लावून बघणारा हा. अशाच नजरेनं.

“ही घ्या,” ती म्हणाली. आणि भिंतीवरची लालभडक, मोठ्या पोटाची, रुंद मानेची गिटार तिनं काढून दिली. “रोहिणीबाईंना ही शोभेल.”

“पर हात—”

“सवयीनं जमतं.”

त्यानं मान डोलावली. पूर्ण विश्वासानं. तेच तिला नंतर लागत राहिलं, चपलेतल्या खड्यासारखं. आबांची एकच शिकवण होती, खोटं बोलून वाद्य विकू नये. आज तिनं ती मोडली होती, तीही न पाहिलेल्या बाईवर जळून.

आठ दिवसांनी फोन आला.

“मॅडम, गिटार परत घेता का? तिचा दोष न्हाय. दोष हाताचाच हाय. ह्यो हात गिटारीचा न्हाय, कळून चुकलं.”

आवाजात तक्रार नव्हती, आणि त्यामुळेच ऐकवेना.

“परत आणू नका. मी येते,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती इंदापूरच्या एसटीत बसली, मांडीवर छोटी गिटार. भवानीनगर गेलं, उसाची रानं मागे पडली. दोन कामं होती. खोटं कबूल करायचं, आणि रोहिणीला बघायचं. खरं सांगायचं तर दुसऱ्यासाठीच जास्त.

दारात अविराजची आई, कौसल्याबाई, लसूण सोलत बसल्या होत्या.

“अविराज बागंत हाय. आज पाणी सोडायचंय न्हवं. बस की पोरी, चा टाकते.”

“मला आधी… रोहिणीला भेटायचंय.”

कौसल्याबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “रोहिणीला? जा की मग. गोठ्यात हाय. पर मागं उभी राहू नगंस. लाथ मारती.”

गोठ्यात एक तांबूस गाय निवांत रवंथ करत होती. तिनं संजीवनीकडे पाहिलं आणि कान हलवला.

संजीवनी तशीच उभी. महिनाभर जिच्या चाफेकळी बोटांनी तिला छळलं होतं, तिला चार खूर होते.

मागं पावलं वाजली. “मॅडम…” अविराज. चिखलानं भरलेले पाय, ओले हात. दोन्ही हात. आज खिशात काही नव्हतं.

डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही अर्ध्यावर संपलेली होती.

“कडबाकुट्टीत गेली,” तो खाली बघत म्हणाला. “सहा वरसं झाली. हिलाच वैरण कापत हुतो. तुमी नाव विचारलं, आन दुसरं कुठलं बाईमाणसाचं नावच तोंडात येईना.”

“म्हणजे गिटार…”

“माझ्यासाठीच. हात दाखवला असता तर तुमी बी म्हणाला असता, राहू द्या.”

याच हाताला तिनं रुंद मानेची गिटार दिली होती. “चूक तुमच्या हाताची नाही. मी मुद्दाम चुकीची दिली.”

“मुद्दाम?” त्याची खळी मावळली. “आठ दिस मी ह्या हाताला शिव्या देतोय, संजीवनी.”

पहिल्यांदाच त्यानं नाव घेतलं, आणि ते असं.

“जळत होते मी,” ती कशीबशी बोलली.

“कुणावर?”

तिनं गोठ्याकडे पाहिलं. रोहिणीनं शेपटीनं माशी वारली.

तो आधी कळून न कळल्यासारखा बघत राहिला. मग हसू असं फुटलं, की कौसल्याबाई लसूण टाकून गोठ्याकडे डोकावल्या.

“हसू नका. बसा इथं,” तिनं डोळे पुसत दरडावलं. छोटी गिटार त्याच्या मांडीवर ठेवली. त्याचा डावा हात हातात घेतला. त्यानं आधी तो मागे ओढला… मग सोडून दिला. “ही दोन बोटं इथं, शेजारशेजारच्या दोन तारांवर. बाकीच्या चार मोकळ्या सोडायच्या. एवढंच.”

“दोनच बोटं?”

“दोनच लागतात.”

त्यानं उजवा अंगठा तारांवरून ओढला. भाजलेल्या फळीतून जुना, उबदार आवाज उठला आणि गोठाभर पसरला. पलीकडे ठिबकच्या नळ्यांतून पाणी झाडांच्या बुडाशी टपटपत होतं. तो हाताकडे बघत राहिला, जणू तो आजच परत मिळाला होता.

“शिकवाल?” त्यानं हळूच विचारलं.

“एका अटीवर. रोहिणीला सांगायचं, मी आलेय म्हणून.”

“माझी बी एक अट हाय. पयल्या दिवशी दादा म्हणाला हुता. ते चालणार न्हाय.”

“मग काय म्हणू?”

तो नुसता बघत राहिला, खळी पाडून.

तिनं घराकडे पाहिलं. कौसल्याबाई आत वळल्या होत्या. मान खाली घालून, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, तिनं अगदी हळू म्हणून बघितलं—

“अहो…”

आणि त्याची दोन्ही बोटं तारांवरून घसरली.