न्यायला कोण येणार

ऑफिसात तिला सगळे सासूबाई म्हणत. लग्नाचा पत्ता नव्हता, पण दुसऱ्याच्या कामातली खोट काढणं हाच तिचा पगारी धंदा होता, म्हणून हे नाव. ती टेस्टर होती, म्हणजे इतरांनी बनवलेल्या वेबसाइट तपासणारी. एखादं पान एका ब्राउझरमध्ये छान दिसलं की ‘झालं काम’ म्हणून हात झटकणाऱ्यांचा तिला मनस्वी तिटकारा. तिच्या टेबलावर चार कॉम्प्युटर होते आणि प्रत्येक पान ती सात ब्राउझरमध्ये उघडून बघायची. त्यातला कोपऱ्यातला कॉम्प्युटर इतका जुना होता, की तो सुरू झाला की त्याच्या पंख्याची घरघर पलीकडच्या खोलीत जायची.

सध्या हातात असलेली साइट एका मोठ्या हॉस्पिटलची होती. त्यात ‘घरी जाण्याची विनंती’ असा एक फॉर्म होता. बऱ्या झालेल्या पेशंटने न्यायला कोण येणार त्याचं नाव, नातं आणि पत्ता लिहायचा, खालचं ‘पाठवा’ बटण दाबायचं, की पुढची कागदपत्रं आपोआप तयार. साधं सरळ काम.

साइट सुरू झाली त्या दिवसापासून रोज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी एकच तक्रार यायला लागली.

‘बटण दिसत नाही. मला घरी जायचं आहे.’

सही नाही, नाव नाही. पाठवणारा वापरत होता तो ब्राउझर फक्त तिच्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर उरला होता. तिने तिथे पान उघडलं. पान उजवीकडे सरकलं होतं आणि बटण पडद्याच्या बाहेर गेलं होतं.

“कोण वापरतं ताई हे आता?” साइट बनवणारा डेव्हलपर म्हणाला. “आकडे बघा. अख्ख्या साइटवर एक जण.”

“एक माणूस म्हणजे माणूस नाही का रे?”

साहेबांनी मान वर न करता निकाल दिला. “तुमचा ब्राउझर जुना आहे, नवा घ्या, अशी पाटी टाका वर. विषय संपला.”

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. “उद्या हॉस्पिटलचा जिना पडला, तर ‘उडत या’ म्हणून पाटी लावाल,” ती म्हणाली. साहेब हसले. पाटी लागली.

दुसऱ्या दिवशी अकरा दहाला तक्रार आली. ‘पाटी वाचली. नवा कुठून आणू? इथे विचारायला कोणी नाही. मला घरी जायचं आहे.’

ती तो मजकूर कितीदा तरी वाचत राहिली. तक्रार कुठून येते ते तिने शोधून काढलं. हॉस्पिटलच्याच चौथ्या मजल्यावरून. मग पुढच्या सकाळी ऑफिसला दांडी मारून ती सरळ तिथे गेली.

चौथ्या मजल्यावरच्या सिस्टरनी कुरकुरत किल्ली काढली. “ही खोली? सोडलेले पेशंट बसायचे इथे. न्यायला माणसं येईपर्यंत. बंद होऊन सहा वर्षं झाली.”

आत फिनेलचा शिळा वास होता. भिंतीला लागून खुर्च्या, कोपऱ्यात टेबलावर कॉम्प्युटर. त्याची वायर भिंतीतून काढून, गुंडाळून, दोरीने बांधून ठेवलेली. पडद्यावर धूळ, टेबलावर धूळ, कीबोर्डवर बोट फिरवलं तर रेघ उमटेल एवढी धूळ. माऊसवर मात्र नव्हती. तिने त्यावर हात ठेवला. तो कोमट होता.

“न्यायला कोणी आलंच नाही, असं कोणी राहिलं होतं का इथे?” तिने विचारलं.

सिस्टर तिच्याकडे न बघता म्हणाल्या, “तुम्ही वेबसाइटवाल्या ना? मग वेबसाइटचं बघा.” आणि कुलूप लावलं.

जिन्यात तिचा मोबाइल वाजला; साइटवरच्या तक्रारी त्यावरही यायच्या. अकरा दहा झाले होते.

‘बाई, तुम्ही येऊन गेलात. बटणाचं काय झालं?’

ती कठड्याला धरून उभी राहिली. घाबरली होती. पण त्या भीतीच्या वर चढला तो संताप. सहा वर्षं कोणी एक जण दाराकडे डोळे लावून बसतो, आणि त्याच्या तोंडावर पाटी मारून ही माणसं चहा प्यायला जातात. तो कोण, कसा, हे नंतर बघू. आधी बटण.

दुपारी कोणालाही न विचारता ती स्वतःच कोड दुरुस्त करायला बसली. पान सरळ झालं, बटण आत आलं, पण दाबलं जाईना. ‘न्यायला येणाऱ्या व्यक्तीचं नाव रिकामं ठेवता येणार नाही,’ असं लाल अक्षरांत यायचं. तपासताना ती नेहमी करायची तेच तिने केलं, स्वतःचं नाव टाकलं. पत्ता टाकला तोही घरचाच, जिथे ती आणि तिची आई दोघीच राहायच्या. दर खेपेला टाइप करायचा कंटाळा आला म्हणून तो मजकूर कोडमध्येच लिहून टाकला. चाळिसाव्या खेपेला बटण चाललं. तिने पाटी काढली, नवं पान साइटवर चढवलं आणि बऱ्याच दिवसांनी गुणगुणत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी अकरा दहा होऊन गेले. तक्रार आली नाही.

“बघ,” ती डेव्हलपरला म्हणाली, “गेला एक माणूस घरी. तुमचा तो एक.”

त्याने तिचा कोड उघडला. वाचता वाचता थांबला.

“ताई, तपासणीचा मजकूर काढायचा राहिलाय. त्या जुन्या ब्राउझरमध्ये फॉर्म उघडला, की तुमचंच नाव भरून येतंय.”

तिने आलेल्या विनंत्या उघडल्या. जुन्या ब्राउझरमधून आज एकच आली होती. पेशंटचं नाव रिकामं. न्यायला येणाऱ्या व्यक्तीपुढे तिचं नाव, खाली तिच्या घराचा पत्ता.

नातं हा रकाना तिने भरला नव्हता. तिथे लिहिलेलं होतं, ‘मुलगी’.

निघण्याची वेळ, अकरा दहा.

आता पावणेबारा झाले होते. तिने घरी फोन लावला. बराच वेळ वाजला, मग आईने उचलला.

“अगं, आधी कळवायचं नाही का?” आई म्हणाली. “ते आलेत. फार दमलेत, तुझ्या खोलीत निजवलंय त्यांना.”

“आई, कोण आलंय?”

आई आवाज अगदी खाली आणून म्हणाली,

“असं काय विचारतेस गं. ते ऐकतायत.”